शेवटची सायकल

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. मागच्या डिसेंबरमध्ये हे घडलं. उतई-भिलाई रस्ता, पहाटेचे पाच, दाट धुकं.

मी चंपत. आम्ही आठ जण उतईहून सायकलनं प्लांटमध्ये पहिल्या शिफ्टला जायचो, एका रांगेत. सर्वात मागे देवाजी. त्याच्या अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. मागून येणाऱ्या ट्रकला तेवढंच दिसायचं.

चौक आला की पुढून सोनू "एक" म्हणायचा. मग दोन, तीन... शेवटी देवाजी "आठ" म्हणून घंटी वाजवायचा.

ही पद्धत त्यानंच सुरू केली होती. सगळे त्याला 'गार्डसाहेब' म्हणायचे. मला ते ऐकवत नव्हतं.

माझी बायको दामिनीसुद्धा म्हणायची, "देवाजीभाऊ मांगं राह्यते, म्हणून मले घोर नाही."

मी आतून जळायचो. माझ्यासाठी ती असं कधी बोलली नाही.

एका संध्याकाळी देवाजी चहाला आला आणि जाताना जॅकेट आमच्या खुंटीवर विसरला.

मी ते परसातल्या भाताच्या तणसात खोल दडवलं. एक दिवस त्याचा रुबाब उतरावा, एवढंच मनात होतं.

पहाटे तो दारात आला.

"चंपत, माह्यं जाकीट तुह्या घरी राह्यलं का?"

"नाही ना भाऊ."

"जाऊ दे. मांगं तं मीच राह्यतो."

दुसऱ्या चौकात मी "सात" म्हणालो...

मागून घंटी आलीच नाही. ट्रकचा ब्रेक तेवढा ऐकू आला.

तेराव्यानंतर मी नवं जॅकेट आणलं आणि शेवटची जागा मागून घेतली. कोणी नाही म्हणालं नाही. पहिल्याच चौकात मी "सात" म्हणालो.

आणि माझ्या मागे...

चेन करकरली. घंटी वाजली.

वळून पाहिलं. नुसतं धुकं.

पुढून सोनू ओरडला, "चंपतभाऊ, आठ कावून म्हणता? आपण सातच आहो ना."

मी आठ म्हणालोच नव्हतो.

घरी येऊन दामिनीला सांगितलं. तिनं हात जोडले. "देवाजीभाऊ अजून बी मांगं हायेत. आता मले घोर नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी भीतीपेक्षा जळफळाटच जास्त झाला. मेल्यावरही ती जागा त्याचीच.

तेव्हापासून धुकं पडलं की माझं जॅकेट खुंटीवर नसतं. परसात जाऊन तणसात हात घालतो, तिथं सापडतं. ओलं, गार. ती जागा माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. दामिनीलाही नाही.

आज पहाटे पुन्हा धुकं आहे. तणस सगळं उपसून झालं...

आज जॅकेट तिथंही नाही.

बाहेर सहा जण थांबलेत. सोनू हाका मारतोय. त्यांना काय सांगू? शेवटची जागा मीच मागून घेतली आहे.