ठसे उमटेपर्यंत

"घासू नका. आहेत तेवढेही जातील."

मी दचकून हात मागे घेतला. ठसे घ्यायच्या खोलीबाहेर बाकावर बसून मी दहाही बोटं ओढणीला खसाखसा पुसत होते, आणि शेजारचा माणूस चक्क मराठीत बोलला होता. या परक्या शहरात, सरकारी कचेरीत, मराठी! एरवी मी आनंदानं उडालेच असते. पण त्या दिवशी मला कोणी नुसतं 'नमस्कार' म्हटलं असतं तरी धडकी भरली असती.

"तुम्हाला कसं कळलं मी...?"

"आत शिपाई दार आपटून गेला तेव्हा 'अगं आई गं' म्हणालात." तो हसला. उंच, सावळा, दाढी दोन दिवसांची. "पहिल्यांदाच आलात?"

"दुसऱ्यांदा. मागच्या वेळी यंत्राला माझी बोटं दिसलीच नाहीत."

"मग आपण नातेवाईकच." त्यानं दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. बोटांची टोकं गुळगुळीत, काचेच्या गोटीसारखी. "फरशा बसवतो. सिमेंटनं सगळं खाऊन टाकलं. तुमचं?"

"इस्पितळाच्या धुलाईत आहे. चादरींना इस्त्री. वाफ, साबण, वाफ, साबण..."

नागरिकत्वाचा अर्ज करणाऱ्याचे आधी ठसे घेतात. ठसे मिळाले की आपण कुठे काही गुन्हा केलाय का ते तपासतात, आणि मगच कागद पुढे सरकतो. माझा कागद पहिल्याच पायरीवर बसून होता. वर्षअखेरीला माझा राहायचा परवाना संपणार होता. आई गेल्यावर मावशीनं मला इकडे आणलं. तिकडे आता ना घर, ना माणूस. परत पाठवलं तर स्टेशनावर उतरून मी कुठल्या दिशेनं चालणार, हेच मला रात्र रात्र समजत नसे.

आत बाईंनी माझं एकेक बोट काचेवर दाबलं, फिरवलं, पुन्हा दाबलं. बाई चांगल्या होत्या, पण यंत्र काही ऐकेना. प्रत्येक बोटाला लाल दिवा. शेवटी त्या म्हणाल्या, "दोन आठवड्यांनी या. तिसरी वेळ. त्यानंतर आमच्या हातात काही नाही."

बाहेर येऊन मी पायऱ्यांवर बसले. थोड्या वेळानं तोही आला. त्याचंही तेच, तारीखही तीच.

"रडताय?"

"नाही."

"मग डोळ्यांना घाम आलाय वाटतं." "ऐका. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्यानं सांगितलंय... दोन आठवडे पाणी नाही, साबण नाही, इस्त्री नाही. रोज ग्लिसरीन चोळायचं आणि सुती हातमोजे घालायचे. कातडी परत येते. त्याची आली."

"खरंच?"

"खोटं असलं तरी हात तर मऊ होतील."

आणि मी हसले. त्या कचेरीच्या पायऱ्यांवर मी हसले, यावर माझाच विश्वास बसेना.

कामावर मी सुट्टी टाकली. मावशी भांडी घासत कुरकुरायची, "बस हो महाराणी, हात गाद्यांवर ठेवून. सासरी हेच सांग." संध्याकाळी मात्र तीच मला बाहेर पिटाळायची, कारण घरात मी टपालपेटीचं झाकण वाजलं तरी किंचाळत होते. खाली गस्तीची गाडी भोंगा वाजवत गेली की मी पडद्याआड. काही केलं नव्हतं हो मी! पण भीतीला कारण कुठे लागतं?

तर मी बाहेर पडायची, आणि कोपऱ्यावरच्या बाकापाशी तो असायचा. तोही रिकामा, तोही पांढऱ्या हातमोज्यांत. आम्ही दोघं शेजारी चाललो की लोक वळून बघायचे. एखाद्या बँडमधून पळून आल्यासारखे दिसत असू.

एकदा रस्ता ओलांडायचा होता. दिवा लाल. रस्त्यावर गाडी सोडा, कुत्रंसुद्धा नव्हतं. तो निघाला. मी त्याची बाही धरून मागे ओढलं.

"वेडे आहात का? लाल आहे!"

"कोणी नाहीये."

"कॅमेरा असतो. नोंद होते. अर्जात विचारलंय, कधी कायदा मोडलाय का."

"त्यांना रस्ता ओलांडणं म्हणायचं नाही हो..."

"तुम्हाला काय माहीत काय म्हणायचंय ते!"

माझा आवाज चढला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. हसू पार मावळलं होतं. तो परत फुटपाथवर आला, माझ्या बाजूला उभा राहिला, आणि दिवा हिरवा होईपर्यंत हलला नाही. त्या दिवसापासून लाल दिवा दिसला की तोच आधी थांबायचा. मला वाटतं, तिथेच मी पडले. म्हणजे... प्रेमात.

हात मात्र धरायचा नाही, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे काय, एकदा थंडी फार होती आणि त्याचा हात माझ्या हाताकडे आला, तेव्हा मीच ओरडले, "नको! घासले जातील!"

"बरं बाई. ठसे उमटेपर्यंत नाही." मग म्हणाला, "पण तू 'नको' फक्त ठशांसाठी म्हणालीस ना?"

'तू' म्हणाला होता तो. माझे कान गरम झाले.

"चल पुढे, फरशीवाल्या," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

तारखेच्या आदल्या दुपारी तो चहाला घरी आला. मावशीला त्याला बघायचंच होतं. चहा ओतला जातोय तोवर न्हाणीघरातून फस्सकन आवाज आला. भिंतीतला नळ मुळासकट निखळला होता, पाणी धो धो, भिंतीच्या दोन फरशा सुटून पडलेल्या. क्षणात पाणी दाराबाहेर. आणि लगेच खालच्या मजल्यावरचा माणूस जिन्यात उभा राहून गरजायला लागला. छत गळतंय, आत्ताच्या आत्ता बंद करा, नाहीतर मी पोलिसांना फोन करतो!

पोलीस. माझ्या नावानं तक्रार. ठशांच्या आदल्या दिवशी.

मला काही दिसेनासं झालं. मी हातमोजे ओरबाडून काढले आणि पाण्याकडे धावले. त्यानं मला कोपरानं मागे सारलं.

"तू हात लावू नकोस."

"अरे पण तुझे..."

"मावशी, हिला धरा!"

त्यानं आपले हातमोजे काढून खिशात कोंबले, जिन्यातला मुख्य नळ बंद केला, पण तो सगळ्या इमारतीचा, फार वेळ बंद ठेवता येईना, आणि पळत जाऊन खालच्या दुकानातून पटकन घट्ट होणाऱ्या सिमेंटची पिशवी आणली. मी सांगत होते, रबराचे मोजे घाल, मावशीचे आहेत. ते त्याच्या अर्ध्या पंजावरही चढेनात. तो गुडघ्यांवर बसला, नळ परत जागी बसवला आणि उघड्या बोटांनी त्याभोवतीच्या भेगेत सिमेंट भरायला लागला. दाबायचा, बोटानं सारखं करायचा, पुन्हा दाबायचा. मावशीनं मला मिठी मारून धरलं होतं, आणि मी त्याच्या पाठीकडे बघत नुसती रडत होते. खालच्या माणसाला त्यानं जाऊन नम्रपणे सांगितलं, उद्या तुमचंही छत करून देतो. तो निवळला.

"हे काय केलंस," मी म्हटलं.

त्यानं बोटं फुंकली. टोकं लालभडक झाली होती. "माझे मुळात होतेच कुठे," तो म्हणाला. पण माझ्याकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नंबर आधी लागला. बाईंनी माझा अंगठा काचेवर ठेवला. मी डोळे मिटले. टुक्... असा वेगळाच आवाज आला. उघडून बघते तर हिरवा दिवा. मग दुसरं बोट. तिसरं. एक करंगळी जरा अडली, पण तीही उमटली. पडद्यावर माझ्या बोटांच्या बारीक बारीक रेघा दिसत होत्या, आणि बाई म्हणाल्या, "छान. आता पत्राची वाट बघा."

मी बाहेर आले. तो आत गेला. दार बंद झालं.

मला आनंद होईना. मी बाकावर बसले आणि दाराच्या फटीला कान लावल्यासारखी ऐकत राहिले. टुक् आवाज येतोय का... एकदा तरी. आला नाही. देवा, माझी दोन बोटं घे, त्याला दे, असलं काहीतरी मी पुटपुटत होते.

तो बाहेर आला, आणि त्यानं हसायचा प्रयत्न केला. तिथेच मला कळलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अर्ज बंद. नव्यानं करायचा, तोही तिकडून. जिथे जिथे राहिलो तिथल्या पोलिसांचे दाखले घेऊन. मी काय, अर्धा देश पालथा घातलाय फरश्यांपायी... आणि माझा परवाना पुढच्या महिन्यात संपतोय." त्यानं खांदे उडवले. "जावं लागणार."

"किती दिवस?"

"वर्ष. दोन वर्षं. कोण सांगणार?"

आम्ही पायऱ्या उतरलो. चालत चालत त्याच चौकात आलो. दिवा लाल होता. रस्ता रिकामा होता. तो थांबला.

इतके महिने मला वाटत होतं की मला परत पाठवतील, हीच जगातली सगळ्यात मोठी भीती. नव्हती. मी राहणार आणि हा जाणार, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

"हात दे," मी म्हटलं.

"अगं, खरबरीत आहे. टोचेल."

"दे म्हणते ना."

मी माझे हातमोजे काढले. मग त्याचे, एकेक बोट सोडवत, हळू, कारण कातडी दुखत होती. त्याची पाचही बोटं माझ्या मुठीत घेतली. खरबरीत, गरम, सिमेंटच्या वासाची.

"मला तू हवा आहेस," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दिला. "दाखले गोळा करायला एक वर्ष लागो नाहीतर चार. मी इथेच असेन. मी भित्री आहे, रोज घाबरेन, पण असेन."

"आणि मी नाहीच येऊ शकलो तर?"

"तर मी येईन तिकडे. स्टेशनावर उतरून कुठे जायचं ते आता मला माहीत असेल."

त्यानं माझा हात घट्ट धरला, इतका घट्ट, की त्याला दुखलं असणार.

दिवा हिरवा झाला. समोरून दोनचार माणसं येऊन आमच्या बाजूनं निघून गेली. मग तो पुन्हा लाल झाला.

"हिरवा होता," तो म्हणाला.

"बघितलं मी," मी म्हटलं. "थांब जरा."