दुसरं मीटर

अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डमध्ये मी जुन्या घरांचं वायरिंग बदलतो. एका कुटुंबाचं घर दोन कुटुंबांचं करायचं, म्हणजे खांबावरून जाड केबल आणायची, एकाची दोन मीटरं करायची, खालचा आणि वरचा मजला वेगळा करायचा. दोना देओलिंदांचं, म्हणजे आम्हा पोर्तुगीजांच्या रीतीने देओलिंदाबाईंचं, कामही तसलंच. नवरा गेल्यापासून म्हातारी एकटी. लेक नतालिया नवऱ्याला आणि तान्ह्या मुलाला घेऊन वर राहायला येणार होती. ते जमलं नाही, तर घर विकून म्हातारीची रवानगी वृद्धाश्रमात.

डिसेंबरातली काळवंडलेली सकाळ होती. वीज कंपनीच्या माणसांनी खांबावरची जोडणी तोडली आणि घर गार पडलं. मी वर जाऊन जुनी बटणं काढू लागलो. खोल्या कित्येक वर्षं बंद. ओल्या लोकरीसारखा वास येत होता. मागच्या खोलीत निव्वळ सवयीने टेस्टर लावला.

टेस्टर पेटला.

दुसरा आणला, तोही पेटला. कुणी शेजारच्या घरातून वायर ओढली असेल, म्हणून भिंत फोडली. वायर हातभर आत जाऊन संपली होती. तोंडाला जुनी काळी पट्टी गुंडाळलेली. ती कशालाच जोडलेली नव्हती.

मी जिन्यातून हाक मारली, "दोना, मागच्या खोलीत कोण राहायचं?"

देओलिंदा खाली कोट घालून उभ्या होत्या. "ती खोली राहू दे ना, अमराल."

"राहू देऊन कसं चालेल? तुमचा नातू झोपणार तिथे."

"मग जरा गोडीने घे, बाबा. आम्ही घर घेतलं तेव्हापासून आहेत ते. कधी त्रास नाही दिला. आमच्या ह्यांनी तर कधी त्यांचं दारसुद्धा वाजवलं नाही."

"पण आहेत कोण?"

"असं कसं विचारायचं कुणाला?"

एकटेपणाने म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मी समजलो. रबरी हातमोजे चढवले आणि वायर ओढली. ती येईना. पलीकडून कुणी धरून ठेवावी तशी ताणली गेली, मग एकदम सैल सुटली. मी मागच्या मागे पडलो. टेस्टर विझला होता.

पुढचं काम बिनबोभाट पार पडलं. तपासणी झाली, नतालिया राहायला आली.

जानेवारीत तिचा फोन आला. "आई स्वयंपाकघरात खाट टाकून झोपतेय. तिच्या खोलीतली वीज बिघडलीय म्हणते, आणि मला आत पाऊल टाकू देत नाही. बघून जा ना."

मी दिवेलागणीला गेलो. आधी तळघरात जाऊन खालच्या मजल्याचा मेन स्विच बंद केला, मग देओलिंदांच्या मजल्यावर आलो. स्वयंपाकघरात अंधार साचत होता. देओलिंदा गॅसवर सूप ढवळत होत्या. वरून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"पाय वाजवू नकोस," त्या कुजबुजल्या.

"काय बिघडलंय, दोना?"

"कुठे काय. वर पोर रडतं. मागच्या खोलीतल्यांना इथेही झोप लागेना."

मी वळून पाहिलं. त्यांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. दाराखालच्या फटीतून पिवळा उजेड बाहेर आला होता.

"मी मेन स्विच बंद करून आलोय," मी म्हणालो. आवाज नको तेवढा मोठा निघाला.

आत खाट करकरली.

"उठवलंस ना," देओलिंदा म्हणाल्या.

अनवाणी पावलं दारापर्यंत आली. थांबली.

आतून बटण खट्ट वाजलं, आणि फटीतला उजेड गेला.