चौदा फूट दोन इंच

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग सांगतो. मधेच कुणी हसलेलं मला खपत नाही.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन सहाएक महिने झाले होते. मी नागपूरचा आर्किटेक्ट, जुन्या घरांचं वेड असलेला. रस्ता रुंद करायचा म्हणून सदर बाजारातली घरं पडणार होती. त्यातली जपण्यासारखी कोणती, याची यादी करायचं काम मला मिळालं. अट एकच, घराचा पूर्ण नकाशा हवा. नकाशा अर्धवट राहिला की घर यादीतून बाद. समता कॉलनीत वरच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली आणि रोज टेप घेऊन बाहेर पडू लागलो.

काय सांगू तुम्हाला त्या बाजाराचं! सराफाच्या पाटीमागं सागवानी कोरीव कठडा, कठड्यावर विजेच्या तारांचा गुंता. मान वर करून बघावं तर मागून स्कूटरवाला खेकसायचा, "ओ भैया, मरना है क्या?" घरं रुंदीला जेमतेम बारा फूट आणि लांबीला शंभर. पुढं दुकान, मागं एकाला एक लागून खोल्या, आणि जसजसं आत जावं तसतसा उजेड कमी. सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यांकडून येणारी काळी धूळ प्रत्येक कोनाड्यात बसलेली. तेव्हा मला ती घरं फार आवडायची. आता नाही आवडत.

वैशाखातली दुपार होती. वनमालाकाकूंचं घर मोजायला घेतलं. काकू सत्तरीच्या, एकट्या. घराणं भोसल्यांच्या काळापासूनचं इथलं. माझ्याबरोबर धर्मपाल होता, आमचा नकाशे काढणारा, पन्नाशीचा माणूस. तो टेपचं शून्याचं टोक भिंतीला धरायचा आणि मी दुसऱ्या टोकाला आकडा वाचायचो.

शेवटच्या खोलीपाशी काकूंनी अडवलं. "आत नका जाऊ भाऊ. गोदू निजली आहे. माझी नणंद."

"काकू, ही खोली मोजली नाही तर घर वाचायचं नाही."

त्यांनी दारावरचा पडदा नीट केला. मग म्हणाल्या, "तं मोजा. पण दारातूनच. घर गेलं तं गोदू कुठं जाईल? तिले माझ्याशिवाय कोनी नाही."

मी धर्मपालला म्हटलं, मागच्या गल्लीतून दार असेल, तिकडून आत जा आणि पलीकडच्या भिंतीशी उभा राहा. तो गेला. काकू चहा टाकायला वळल्या. तेवढ्यात वीज गेली. खोलीत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख, माझ्या बाजूला ओसरीवरून आकडा वाचण्यापुरता उजेड. आतून कापूर आणि ओल्या भिंतीचा वास येत होता. मी पडद्याखालून टेपचं टोक आत सरकवलं. कुणीतरी ते उचललं.

"भिंतीला लावलं?"

"हव," आतून हळूच आवाज आला. आजारी बाई निजलीय म्हणून धर्मपाल हळू बोलतोय, असं मी धरून चाललो.

चौदा फूट दोन इंच. बाहेरच्या मापाशी बरोबर जुळत होतं. पण माझी खोड अशी की कुठलंही माप दोनदा घ्यायचं, दोन्ही जुळली तरच लिहायचं.

"परत धर."

"हव."

अकरा फूट. माझं डोकंच फिरलं. "अरे भिंतीला टेकव ना! झोपला काय?"

"हव..."

सात फूट. मी ढिला झालेला टेप गुंडाळत होतो आणि त्याला शिव्या घालत होतो. पुन्हा ताणला. साडेतीन.

कापराचा वास आता अगदी तोंडाजवळ होता.

"कोनाले शिव्या देऊन राहिले जी?" मागून धर्मपालचा आवाज आला. घामानं निथळत तो ओसरीत उभा होता. "मागचं दार तं विटा लावून बुजवलंय. सारी गल्ली फिरून आलो मी."

टेप माझ्या हातात ताणलेलाच होता... मी सोडून दिला. सोडल्यावरही तो खाली पडला नाही.

काकू चहा घेऊन आल्या आणि पडदा नीट सारला. "जवळ आली ना? तिले माणसं आवडतात. एकोणीस वर्षं झाली बिचारीला जाऊन, पण जागा सोडवत नाही. भाऊ, खोली नकाशात लिहा बरं. विसरू नका."

"लिहितो," म्हटलं आणि पळालो.

नाही लिहिली. खोटं कशाला बोलू? चौदा फूट दोन इंच हा आकडा पाठ होता, पण कागदावर पेन्सिल टेकली की तशीच खाली ठेवायचो. ते टोक कुणी धरलं होतं, हेच डोळ्यांपुढं यायचं. शेवटी न जुळलेलं माप लिहायचं नाही, अशी स्वतःची समजूत घातली आणि नकाशा तिथंच संपवला. घर यादीतून गेलं. दिवाळीनंतर पाडलं. मी बघायला गेलो नाही.

आठवड्यानं भर दुपारी वनमालाकाकू माझ्या खोलीवर आल्या. काखेत गाठोडं. दुर्गला पुतण्याकडं निघाल्या होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून आत, पलंगाच्या कोपऱ्याकडं बघत होत्या. चेहरा एकदम फुलला.

"इथं आहेस होय गं! आणि मी मलब्यात शोधून राहिली!"

ऐकून घेतल्यासारखी मान हलवली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. "तिची लुगडी आहेत. खोली आवडली म्हणते. हवेशीर आहे."

"काकू... घेऊन जा तिला. पाया पडतो तुमच्या."

"चाळीस वर्षं केलं भाऊ मी तिचं. जिती होती तेव्हाबी, मेल्यावरबी." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "तिचं घर तुमी घालवलं. आता तुमी करा."

आणि सुटल्यासारख्या भराभर जिना उतरून गेल्या.

गाठोडं मी उघडलं नाही. कपाटात कोंबून कुलूप लावलं. सकाळी गच्चीत गेलो तर दोरीवर एक लुगडं वाळत होतं. अजून पाणी टपकत होतं. धावत येऊन कपाट उघडलं. गाठोड्याची गाठ तशीच होती.