अकरा नंबरचं पोर्ट

चौथी चिठ्ठी सकाळी फाटकाच्या पेटीत निघाली, आणि अकरा वाजायच्या आत वसतिगृहातल्या नीलमची बॅग भरून जिन्यात उभी होती.

'काल रात्री बाराला पाणी प्यायला उठलीस. हिरवी ओढणी होती. गावाकडं जा, न्हाईतर पस्तावशील.'

रेक्टरचा फोन आल्यावर धावत आलेल्या धम्मशीलाने चिठ्ठी वाचली. देवगाव फाट्यावरच्या या मुलींच्या वसतिगृहात कॅमेरे आणि नेटवर्क तिनेच परभणीहून येऊन बसवलं होतं. कॅमेऱ्यांचा पडदा एकाच ठिकाणी होता, रेक्टर मालनबाईंच्या खोलीत.

"मालनबाई, रात्री खोलीत कोण होतं?"

"मी एकलीच. आतून कडी."

"आणि दिवाळीच्या सुट्टीत इथं कोण आलं होतं?"

"कुलूपच होतं. मालकांनी तेवढा चुना मारून घेतला. संगं वायरमनबी त्यांचाच होता."

इमारतीचे मालक दिनकरराव समोरच खुर्चीत पेपराने वारा घेत होते. मागच्या शेतात त्यांचा आखाडा होता, शेतावर बसायची खोली.

"पोरगी लय भेलीय, जाऊ द्या तिला," ते मायेने म्हणाले. "फाट्यावर आता हॉटेलाचे दिवस आलेत, इथं पोरींनी राहावं तरी कसं? मीच बघा, दिसा आखाड्यावर बसू शकत न्हाई. ह्या आठवड्यात शेतीची लाईट रातचीच. आज पाळी बदलायलीय, साडेबाराला येईल."

नीलम बॅगेशेजारी पायरीवर बसली. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, घराला कुलूप. एकची एसटी धरली की पुस्तक सुटणार आणि हातात कोयता येणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

धम्मशीलाने ऑफिसातली नेटवर्कच्या स्विचची पेटी उघडली, सगळ्या वायरी तिथेच येऊन जुळत. स्विचचं काम साधं होतं. आलेलं माहितीचं प्रत्येक पाकीट कुठल्या वायरीतून आलं हे न बघता, ते कुठल्या प्रोटोकॉलचं, म्हणजे यंत्रांच्या कुठल्या भाषेतलं आहे हे स्विच बघायचा आणि त्याला त्याच्या गटात ढकलायचा. देणगीतल्या जुन्या कॅमेऱ्यांचा प्रोटोकॉल निराळा, म्हणून त्यांचा गटही निराळा. त्या गटाला बाहेर पडायची वाट एकच, मालनबाईंचा पडदा.

आता वाटा दोन होत्या. गटात अकरा नंबरचं पोर्ट, म्हणजे वायर जोडायची खाच, कुणीतरी घातलं होतं. त्याची वायर भिंतीत शिरून नव्या चुन्याखाली गडप झाली होती.

 म्हणजे कुणीतरी रोज बघत होतं, अगदी आपल्या घरातल्यासारखं. मग तिची नजर पेटीच्या झाकणावर गेली. पुढच्या माणसाची सोय म्हणून तिने स्वतःच पासवर्डची चिठ्ठी तिथे चिकटवली होती. तिला स्वतःची शरम वाटली.

अकरा नंबरचा दिवा मात्र आत्ता विझलेला होता. तिने नोंदी काढल्या. आठवडाभर हे पोर्ट दिवसा मेलेलं, रात्री दहाला जिवंत. त्याआधीच्या आठवड्यात नेमकं उलटं.

"नीलम, पहिल्या दोन चिठ्ठ्यांत काय होतं?"

"दुपारी गॅलरीत केस वाळवत होते ते. आन् सकाळी पायरीवर बसून वाचत होते ते."

"रात्रीचं काही?"

"तवा न्हाई. रातचं ह्याच आठवड्यात."

धम्मशीलाने घड्याळ बघितलं. बारा वीस. तिने सगळ्यांना पेटीसमोर बोलावलं. 

"वसतिगृहाची लाईट गावठाणाच्या लाईनवर आहे. ती रात्रंदिवस असते. बघणाऱ्याचं यंत्र मात्र एक आठवडा दिवसा चालतं, एक आठवडा रात्री. चिठ्ठ्यांतही तेवढ्याच वेळेचं लिहिलंय. अशी पाळी फक्त शेतीच्या लाईटला असते. दिवाळीत वायर टाकायला ज्याचा माणूस आत होता, आणि पोरी पळाल्या तर ज्याला हॉटेलसाठी जागा मोकळी होते, त्याचाच आखाडा मागं आहे."

"भाड्याचा करार अजून आठ वर्सं हाय, पोरी असेस्तोवर मोडता येत न्हाई," मालनबाई हळूच म्हणाल्या.

दिनकरराव हसले. "पोरी, शेतीची लाईट शंभर जणाला हाय. पुरावा दाखव."

"दहा मिनिटं बसा, काका."

 नीलम ऑफिसाच्या दारात येऊन थांबली. साडेबाराला मागच्या आखाड्यावरची मोटर आपोआप घरघरली. पाठोपाठ पेटीत अकरा नंबरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"मालनबाई, पंडितला पाठवा. आखाड्याचं मेन बटण बंद करायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही."

राखणदार पंडित धावत गेला. जरा वेळाने मोटर थांबली आणि त्याच क्षणी दिवा विझला. दिनकररावांचं हसू उतरलं, हातातला पेपर खाली पडला. मालनबाईंनी पोलिसांना फोन लावला.

धम्मशीलाने झाकणावरची पासवर्डची चिठ्ठी खरवडून काढली. अकरा नंबरची वायर उपटायला ती वाकली, तेव्हा नीलम पुढे आली. 

"ताई, मी काढते."

एकच्या एसटीचा हॉर्न फाट्यावर वाजला तेव्हा वायर नीलमच्या हातात होती, आणि बॅग जिन्यातच उभी होती.