नारपोलीतली भुताची फेरी

मेहरीन दारातच थांबली.

बंद पडलेल्या यंत्रमागांच्या कारखान्याचं लोखंडी दार अर्धंच उघडं होतं. आत अंधार... आणि त्या अंधारात काहीतरी पांढरं हललं. आधी एक हात. मग खांदा. मग डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक असा कोणीतरी मागांच्या रांगेतून सरळ तिच्याच दिशेने यायला लागला. चेहरा नाही, केस नाहीत, नुसते दोन डोळे.

मेहरीन किंचाळली.

तिचं किंचाळणं ऐकून ते पांढरंही किंचाळलं!

"या अल्ला! कोण... कोण आहात तुम्ही?"

"ते मी विचारायचं!" मेहरीन म्हणाली. "तुम्ही कोण?"

"हमजा. गुलाम हुसेन चाचांचा पुतण्या. कारखाना त्यांचा आहे, मी साफ करतोय." त्याने नाकावरचा रुमाल खाली ओढला आणि डोकं झटकलं. केसांतून कापसाची रुई भुरभुर उडाली. "वर्षानुवर्षं छताला लटकली होती. सगळी माझ्यावरच पडली."

"मी मेहरीन. ते... भुताच्या फेरीचं काम. उन्नती मॅडमनी जागा बघायला पाठवलंय."

"मग? आवडलं?"

"काय?"

"भूत," तो म्हणाला आणि हसला. रुईने माखलेल्या त्या चेहऱ्यावर फक्त दात आणि डोळे चमकले.

मेहरीनला हसू आलं. पण उंबरठ्यावरचा पाय काही तिने आत टाकला नाही.

काल्हेरच्या नव्या टॉवरमधल्या लोकांना यंदा हॅलोविन करायचं होतं. मुंबईतल्या मॉलसारखं नको, खरंखुरं हवं, असा त्यांचा हट्ट. उन्नती मॅडमच्या छोट्याशा इव्हेंट कंपनीने ते काम घेतलं होतं. पाहुण्यांनी गल्लीच्या तोंडाशी बसमधून उतरायचं, कंदील घेऊन नारपोलीच्या अरुंद बोळातून चालत यायचं, कारखान्याच्या पुढच्या दाराने आत शिरायचं आणि मागांच्या मधल्या वाटेने थरथरत मागच्या दाराने बाहेर पडायचं. गोष्ट मेहरीनने रचली होती. एक विणकर, त्याचं कापड कधीच संपत नाही; आणि ज्याचं नाव त्या कापडात विणलं जातं, तो माणूस घरी परतत नाही. विणकराच्या भुताचं सोंग घ्यायला माणूस हवा होता. काल्हेरच्या गोडाऊनमधली ड्युटी संपवून हमजा रोज संध्याकाळी यायला लागला.

"पण डायलॉग नको," तो म्हणाला. "मी नुसता बघेन. तुम्ही पहिल्या दिवशी किती घाबरलात, आठवतंय ना?"

"तुम्हीही किंचाळला होतात."

"मी तुमच्या सोबतीला किंचाळलो. शिष्टाचार असतो काही."

कारखान्याची राखण ठकुबाई करायची. गावाकडची, हिरव्या लुगड्यातली, फार न बोलणारी. ही तयारी तिला अजिबात पसंत नव्हती. एकदा मेहरीन दाराशी काळे पडदे मोजून कापत होती, तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"पोरी, बंद घराला उगाच हाक मारू न्हाय."

"का हो?"

"कोन तरी ओ देतंय."

शेजारच्या चालू कारखान्यांची खटखट भिंतीतून येत होती. तरीही त्या क्षणी आतला काळोख मेहरीनला ऐकू आला... श्वास रोखून धरल्यासारखा.

चार-पाच दिवसांत हमजाच्या एक गोष्ट लक्षात आली. ही मुलगी सगळं दारातून करते. दिवा कुठे टांगायचा, पडदा कुठे सोडायचा, ती टॉर्चच्या झोताने दाखवते, ओरडून सांगते. पण आत येत नाही.

"मेहरीन, तू आत का येत नाहीस?"

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"डायरेक्टर बाहेरच असतो."

"खोटं."

ती टॉर्च चालू-बंद करत राहिली. मग पायरीवर बसली. तोही बसला, थोडं अंतर ठेवून.

"मी लहान होते. आमची बिल्डिंग पडली," ती म्हणाली. "पहाटे. दादी आणि मी एका खोलीत झोपायचो. लोखंडी पलंग आडवा झाला, त्याच्याखाली मी राहिले. दादी पलीकडे होती. दिसत नव्हती, पण बोलत होती. घाबरू नको, कलमा पढ, लोक येतायत... बराच वेळ बोलली." ती थांबली. "मग नाही बोलली."

गल्लीतून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. हमजाने 'घाबरू नको' म्हटलं नाही. 'आता काही होत नाही' असंही म्हटलं नाही. तो फक्त मान वर करून छताकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी मेहरीन आली, तर कारखान्याच्या मधोमध ऊन पडलं होतं. मधल्या वाटेवरचे छताचे पत्रे हमजाने कामावर सुट्टी घेऊन काढून टाकले होते आणि तो शिडीवर घामाघूम उभा होता.

"चाचांना विचारलं. म्हणाले, दिवाळीनंतर माग भंगारात द्यायचेतच, पत्र्यांचं काय!" तो वरूनच बोलला. "मिस्त्रीला आणून छत पेलणारी प्रत्येक कैची ठोकून बघितली. मजबूत आहे. आणि आता वर बघ..."

वर आकाश होतं. निळं, चौकोनी, खरंखुरं.

मेहरीनने डोळे मिटले, उघडले आणि आत पाऊल टाकलं. मग दुसरं. हृदय असं धडधडत होतं, जणू बंद माग चालू झाले. हमजा शिडीवरून उतरला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. तिच्या ओढणीवर एक रुईचा पुंजका येऊन बसला. तो काढायला त्याने हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"काढ ना," ती हळूच म्हणाली.

फेरीच्या दिवशी मात्र उन्नती मॅडम सकाळीच आल्या आणि वर बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, बाहेरचा एवढा उजेड आत आला तर घाबरणार कोण?" दुपारपर्यंत त्यांच्या माणसांनी बांबूची चौकट बांधली आणि वरून काळी ताडपत्री ताणून टाकली.

मेहरीनचा चेहरा उतरला. "मॅडम, त्याला उतार नाहीये. पाऊस आला तर..."

"ऑक्टोबर संपला गं!"

"तू दाराशीच थांब," हमजा तिला म्हणाला. तोंडाला त्याने पिठूळ पांढरा रंग फासला होता. "आत मी आहे ना."

दिवेलागणीला बस आली. कंदील घेऊन माणसं कुजबुजत, हसत, एकमेकांना चिकटत बोळातून निघाली. पहिली टोळी किंचाळत बाहेर पडली, दुसरी त्याहून जोरात. मेहरीन मागच्या दाराशी उभी राहून चेहरे बघत होती. हमजा खरंच नुसता बघत होता, आणि लोक भीतीने गारठत होते.

शेवटची टोळी आत शिरली आणि ढग गडगडला.

पाऊस एकदम आला. आडवा, आडदांड, जाता जाता सगळं ओतून टाकणारा. ताडपत्रीवर आधी टपटप, मग धो धो. मेहरीनने वर बघितलं. ताडपत्रीला मधोमध पोट सुटलं होतं. पाण्याने भरलेलं, खाली खाली येणारं...

"बाहेर या!" ती ओरडली. "सगळे बाहेर या! जल्दी!"

लोकांना वाटलं, हाही खेळच. ते हसत पळाले. शेवटची बाई दाराबाहेर पडली आणि मागे कडकड असा आवाज झाला. बांबू, पाणी, ताडपत्री, सगळं एका वेळी खाली आलं. दिवे गेले. ठकुबाईने धावत जाऊन जनरेटर बंद केला.

क्षणभर नुसता पाऊस.

मग आतून आवाज आला. ठक्. ठक्. ठक्. लाकूड लोखंडावर आपटावं तसा. आणि एक दबलेली हाक...

"मेह...रीन..."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या!

"काय इफेक्ट आहे यार!" कोणीतरी शिट्टी मारली. मोबाईलचे दिवे वर झाले.

तिने रचलेल्या गोष्टीत हा आवाज नव्हता. तिच्या गोष्टीत तिचं नाव नव्हतं.

"हे नाटक नाहीये!" ती ओरडली. "माणूस आत अडकलाय!"

लोक आणखी हसले. फक्त ठकुबाई हसली नाही. "मी बाजूच्या कारखान्यातली मानसा आनतंय," ती म्हणाली आणि पावसात पळत सुटली. तिकडच्या मागांच्या खटखटीत इकडचं काहीच कोणाला ऐकू गेलं नव्हतं.

मेहरीन दाराशी एकटी उरली. समोर अंधार. ओली ताडपत्री जमिनीपर्यंत लोंबत होती, आत जायला गुडघ्यांएवढीच जागा. पाय हलेनात. तोंडात धूळ असल्यासारखं वाटायला लागलं, त्या पहाटेची धूळ.

ठक्... ठक्...

मग ठक् थांबलं.

ती खाली वाकली आणि आत शिरली.

"हमजा! बोल! मला ऐकू येईल असं बोल!"

"पाय... मागात अडकलाय. तू येऊ नकोस."

"मी आलेय. बोलत राहा. थांबायचं नाही."

"काय बोलू?"

"काहीही!" ती कोपरांवर सरपटत होती. डोक्याला ताडपत्री घासत होती, हाताखाली पाणी, खिळे, रुईचा चिखल. वर काहीतरी करकरलं.

"भूत म्हणून... मी बरा होतो ना?"

"वाईट होतास. पुढे बोल."

"आज फेरी संपली की... तुला चहा पाजणार होतो. आणि विचारणार होतो, तुमच्या घरी कधी आलो तर चालेल. म्हणजे... तुझ्या अम्मीला मला सांगायचंय की मला मेहरीनशी..."

करकर आवाज झाला. धप्पकन काहीतरी पडलं.

आणि त्याचा आवाज बंद झाला.

"हमजा?"

पाऊस.

"हमजा!"

काही नाही. तिला वाटलं, आपण पुन्हा तितक्याच लहान झालोय. पलंगाखाली. आता पलीकडून कोणीच बोलणार नाही, कधीच नाही. मागे वळावं, पळावं, आकाश दिसेपर्यंत पळत राहावं...

ती पुढे सरकली. चाचपडत. एक लोखंडी कड, एक दोरी, आणि मग ओल्या ताडपत्रीखाली हलणारा माणसाचा हात. ताडपत्रीची घडी पाण्याच्या ओझ्याने त्याच्या तोंडावर बसली होती. मेहरीनने दोन्ही हातांनी ती ओढली. हलेना. दात लावून ओढली. पाणी भसकन बाजूला वाहिलं आणि हमजाने एक मोठा, घरघरता श्वास घेतला.

"श्वास घे. घे श्वास. मी आहे," ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत राहिली. म्हणताना रडत होती, हे तिला ठाऊकही नव्हतं.

शेजारच्या कारखान्यातली माणसं पहारी घेऊन आली. "भाभी, सर सँभालो उनका," कोणीतरी म्हणालं आणि त्यांनी बांबू उचलले. बाहेर आता कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. उन्नती मॅडम पावसात भिजत उभ्या होत्या. "मेहरीन, मी... मी ऐकायला हवं होतं," त्या एवढंच म्हणाल्या आणि गाडीचं दार उघडून दिलं.

हाडांच्या दवाखान्यात हमजाच्या पायाला प्लास्टर चढलं. तोंडावरचा रंग ओघळून त्याची पट्टेरी मांजर झाली होती. मेहरीन पलंगाजवळच्या स्टुलावर बसून ओल्या बोळ्याने तो रंग पुसत होती, तेव्हा जुबैदा दारात आली. मेहरीनची अम्मी. निरोप मिळाल्याबरोबर रिक्षा करून आलेली. लेकीची खरचटलेली कोपरं, ओठाला लागलेलं रक्त, फाटलेली ओढणी... तिने सगळं बघितलं. मग पलंगावरच्या मुलाकडे बघितलं.

"हा कोण?"

'कामावरचा आहे' हे उत्तर मेहरीनच्या जिभेवर तयार होतं. ते तिने गिळलं.

"हा हमजा. अम्मी, मला याच्याशी लग्न करायचंय."

हमजा उठून बसायला गेला आणि कळवळला. "अगं, ते मी... मी बोलणार होतो!"

"तुझं अर्धं बोलून झालं होतं. मी थांबणार नव्हते."

"सलाम, अम्मी," तो घाईघाईने म्हणाला. कान लाल झाले होते, पट्ट्यांमधूनही दिसत होते. "मी रीतसर येणार होतो. चाचांना घेऊन."

जुबैदाने सलाम घेतला. खिडकीबाहेर पाऊस आता रिपरिपत होता. मेहरीनने हमजाचा हात धरला, अम्मीच्या समोर, आणि सोडला नाही.

"ही त्या अंधारात गेली?" अम्मीने विचारलं. "आपल्या पायांनी?"

"गुडघ्यांवर," हमजा म्हणाला. "मी नको म्हणत होतो."

अम्मी पलंगाच्या कडेला टेकली. तिने पदराने डोळे पुसले आणि प्लास्टरकडे बघितलं.

"तुझं घर कितव्या मजल्यावर आहे?"

"तिसऱ्या," हमजा म्हणाला. मेहरीनने त्याचा हात दाबला. "पण... बदलून तळमजल्यावर घेता येईल."

"बदल," अम्मी म्हणाली.