नाल्यावर गाडी सेल्फ घेत नाही

ही गोष्ट खरी आहे. कुठेतरी ऐकून रचलेली नाही.

ज्या माणसावर ही वेळ आली, त्याने ती मरेपर्यंत फार थोड्यांना सांगितली. 

साल सत्तावन. होळी होऊन गेली होती. आलापल्लीच्या जंगलात मोहाची फुलं पडत होती.

वारलू मिस्त्रीचं गाड्या दुरुस्तीचं छप्पर आलापल्लीत, घराला लागूनच होतं. त्या दुपारी लच्छू ड्रायव्हर बांबूच्या ठेकेदाराची जुनी पिकअप घेऊन आला. आला तो नुसताच उभा राहिला.

वारलूने गाडीकडे पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

ती गाडी त्याच्या ओळखीची होती.

वर्षापूर्वी त्याची एकुलती एक लेक, रंभा, याच गाडीच्या मागच्या डाल्यात, माल भरायच्या उघड्या हौद्यात, गेली होती.

पहिलं बाळंतपण म्हणून ती एटापल्लीकडच्या सासरहून माहेरी यायला निघाली होती. वाटेत कळा सुरू झाल्या. जंगलातल्या एका नाल्यापाशी, तिला पाणी पाजायला म्हणून लच्छूने गाडी थांबवली.

मग गाडी सुरूच झाली नाही.

दिवस मावळता मावळता रंभा गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

सासरच्यांनी तिला बैलगाडीतून परत नेलं आणि गावाच्या शिवेवर पुरलं. बाळंतपणात गेलेली बाई मागे येते म्हणतात. म्हणून परतताना, तिला वाट ओलांडता येऊ नये यासाठी, ते वाटेवर राईचे दाणे टाकत आले.

वारलूला कळलं ते दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर गाडी त्याच्याकडेच दुरुस्तीला आली होती. दोष काय निघाला? बॅटरीच्या अर्थिंगची पट्टी गंजून हिरवी पडली होती. बस, एवढंच. त्याने ती घासली, आवळली. सेल्फ लगेच फिरला.

त्या दिवशी वारलू बराच वेळ गाडीखालून बाहेर आला नव्हता.

"आता काय झालं?" त्याने लच्छूला विचारलं.

"भाऊ, इथी बरोबर चालते. कितीबी वेळा बंद करा, सेल्फ घेते. पण तिथी..."

"कुठी?"

"त्याच नाल्यावर." लच्छूने मान खाली घातली. "तिथी बंद केली का मंग घेतच नाई. बैल लावून नाल्यापार ओढली का लागते. तुमाले कसं सांगू, काई समजत नव्हतं."

वारलूने पाना उचलला. कामाला लागला.

बॅटरीचं पाणी पाहिलं. टर्मिनल खोलून घासले. सेल्फकडे जाणारी जाड तार बोटांनी चाचपत शेवटपर्यंत नेली. अर्थिंगची पट्टी... त्याने घासली होती तशीच चकचकीत होती. दिवे लावून सेल्फ दाबला. दिवे थोडे मंदावले, इंजिन लागलं. जसं व्हायला पाहिजे तसंच.

"गाडीत दोष नाई," तो म्हणाला. "चाल. तिथीच पाहू."

नाल्यावर पोचले तेव्हा सूर्य झाडांमागे गेला होता. नाला जवळजवळ कोरडाच होता. लच्छूने गाडी बंद केली.

आणि सगळं गप्प झालं.

पाखरू नाही. वारा नाही. टपटप पडणारी मोहाची फुलंसुद्धा... थांबली.

"दाब," वारलू म्हणाला.

लच्छूने सेल्फ दाबला. टक् एवढासुद्धा आवाज आला नाही.

दिवे लावले. दिवे लख्ख. म्हणजे बॅटरी भरलेली. पुन्हा दाबला. दिवे जराही मंदावले नाहीत. म्हणजे सेल्फपर्यंत करंट पोचतच नव्हता.

वारलूने बॅटरीवर पेचकस टेकवला. ठिणगी उडाली. सेल्फवर टेकवला...

काहीच नाही.

मधे फक्त हातभर तार होती. अखंड. आत्ताच तपासलेली.

"हातभर तारेत करंट जाते कुठी रे?" तो पुटपुटला.

तेवढ्यात डाल्यातून आवाज आला.

बांगड्यांचा... अगदी हलका. कुशीवर वळताना होतो तसा.

लच्छूचं तोंड पांढरं पडलं. "भाऊ... डाला तर रिकामा हाये."

वारलू मागे गेला. डाला रिकामाच होता. पण त्याने तळाच्या फळीवर हात ठेवला तेव्हा फळी गरम लागली. अंग टेकून बराच वेळ कोणी पडून असावं, तशी.

त्याला भीती वाटायला हवी होती. त्याच्या मनात मात्र एकच आलं.

वर्षभर... वर्षभर ती इथेच होती. सासरच्यांनी राई टाकून परतीची वाट बंद केली. माहेरची वाट नाल्यावर अडली. माहेराला निघालेली पोर, आणि तिला न्यायला कोणी आलंच नव्हतं.

त्याने फळीवरचा हात काढला नाही.

"रंभा," तो म्हणाला, "मी आलो, माय. चाल. घरी चाल."

डाल्याखालचे स्प्रिंगचे पाटे कर्रर्र वाजले. गाडी मागून खाली बसली.

लच्छूने सेल्फला हातही लावला नव्हता.

इंजिन सुरू झालं.

परतीच्या वाटेवर वारलूने गाडी स्वतः चालवली. खड्डे चुकवत, अगदी सावकाश. मागून मधूनमधून कण्हण्याचा आवाज येत होता. तो वाढत गेला... वाढत गेला... आणि एकदम थांबला.

"भाऊ, मांगं..."

"समोर पाह्य," वारलू म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता. कोणी निरोप दिला नव्हता. तरी त्याची बायको इंदिराबाई दारात उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

तिने गाडीवरून तुकडा ओवाळून टाकला. पाणी टाकलं. मागची फळी उघडली आणि हात पुढे केला. कोणाला उतरवून घ्यावं तसा.

पाटे वाजले. गाडी मागून वर उचलली गेली.

मग पुन्हा एकदा... अगदी थोडीशी.

इंदिराबाईने दोन्ही हातांची झोळी केली आणि पदराखाली काहीतरी घेऊन आत गेली.

लच्छू पुन्हा त्या गाडीत बसला नाही. ठेकेदारानेही गाडी मागितली नाही. ती वारलूच्या अंगणात उभी राहिली. वारलूने तिची बॅटरी काढून छपरात फळीवर ठेवली.

आतल्या खोलीत इंदिराबाईने खाट टाकली होती. खाटेखाली शेक ठेवायची. गूळ-तूप घालून सुंठीचा शिरा करायची. ताट आत न्यायची आणि रिकामं बाहेर आणायची.

 वारलूला त्या खोलीत कधी काही दिसलं नाही. फक्त दारापुढून जाताना कधीकधी दुधाचा वास यायचा.

सवा महिना झाला, आणि एका सकाळी खाट उभी करून ठेवलेली दिसली. इंदिराबाई खोली सारवत होती.

"काय झालं?"

"गेली. पहाटेच. लेकरू घेऊन."

"कशी गेली?"

तिने अंगणाकडे मान वळवली.

वारलू बाहेर आला. गाडी होती तिथेच होती. त्याने बॉनेटवर हात ठेवला...

बॉनेट गरम होतं.

तो छपरात गेला. बॅटरी फळीवरच होती. तिच्यावर धूळ होती.

तो परत येऊन उंबऱ्यावर बसला. तिथूनच म्हणाला, "मले उठवलं काऊन नाई?"

इंदिराबाईचा सारवणारा हात थांबला.

"मी उठवत होती तुमाले. थेच म्हणे, बाबाले झोपू दे. लय दूर आले होते मले घ्याले."

बिनबॅटरीची गाडी कशी लागली, हे वारलू मिस्त्रीला शेवटपर्यंत उमगलं नाही. पुढे तो कैक वर्षं जगला.

पहाटे मात्र तो पुन्हा कधी झोपला नाही.