कंप्रेसर सुरू झाला तेव्हा

तो माझ्या खुर्चीत बसलेला.

पौडचा दूध संघ, साल अठ्ठ्याऐंशी, श्रावणाची झड. मी दारात ओढणी पिळतेय, आणि कुणीतरी ओलाचिंब माणूस माझ्या कॉम्प्युटरपुढे—

"ताई, टॉवेल मिळेल?"

"ताई म्हणू नका. मुनीरा."

"मी इलाही. पुण्याहून आलोय. दुधाच्या फॅटच्या नोंदींचा नवा प्रोग्रॅम बसवायला."

मागच्या खेपेला प्रोग्रॅम बदलतानाच वीज गेली होती. निम्म्या सभासदांच्या नोंदी नव्या, निम्म्या जुन्या... गंगूचं दूध भलत्याच्याच नावावर. चेअरमन म्हणाले, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं.

घरी म्हणजे लग्न. अब्बा ठरवतील त्याच्याशी.

"या वेळी जुन्या नोंदी आधी बाजूला ठेवतो," तो म्हणाला. "सगळ्या बदलल्या तरच पक्क्या. मधेच तुटलं, तर होत्या तशा परत."

"आणि नाही आल्या तर?"

"सांगा, टॉवेल मागणाऱ्यानं केलं."

हसू आलं.

बदल सुरू झाला. आकडे पळू लागले. त्याच्या कपाळावरून एक थेंब निघाला, भुवईपाशी अडला...

बाहेर दुधाचा टेम्पो. पाठोपाठ प्लँटवरच्या कोंडीबाचा आवाज, "मशीन लावतुया."

कंप्रेसर. दूध गार करायला तो लागला की वीज क्षणभर जाते. आणि हे मी इलाहीला सांगितलंच नव्हतं—

"कोंडीबा, थांबा—"

पडदा काळा.

काळा.

काळा.

तो माझ्या खुर्चीत बसलेला. मी त्याची बाही घट्ट धरलेली. वीज परतली, कॉम्प्युटर घरघरला.

"गंगूचं खातं उघडा," मी कसंबसं म्हटलं.

उघडलं. तिचं दूध, तिचंच नाव. बाकीच्याही नोंदी सकाळी होत्या तशाच.

दूध गार झाल्यावर कोंडीबानं मशीन बंद केलं आणि तो आत डोकावला. "आता करा खुशाल. बाई, सायबाची बाही सोडा, फाटंल."

दुसऱ्यांदा सगळं बदललं. पक्कं झालं. त्यानं फ्लॉपी पिशवीत भरल्या आणि मला पुन्हा भीती वाटली, मघापेक्षा जास्त.

"परत याल?"

"आता काम कुठं राहिलं..." तो पिशवीकडे बघत म्हणाला. "बिनकामाचं यायची भीती वाटते."

"कुणाची?"

"तुमच्या अब्बांची."

"बघितलंय त्यांना?"

"न बघताच वाटते."

मी चप्पल घातली.

"चला," मी म्हटलं. "बघून घाबरा."